चालत वाजवायचं वाद्य

आमच्याकडे बसून वाजवणाऱ्याला बुवा म्हणतात आणि चालत वाजवणाऱ्याला अरे म्हणतात. मी तबला शिकलो तो बसून वाजवायचा, म्हणूनच घरी खपला. गावच्या भजनी मंडळाचे बुवा माझे पहिले गुरू. त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून मी ठेका धरायचो आणि लोक माना डोलवायचे. शेतकऱ्याच्या पोरानं कॉलेजात जाऊन संगीत शिकणं हा वडिलांच्या मते शुद्ध रिकामा उद्योग होता. तसं ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे. पण त्या डोलणाऱ्या मानांच्या भरवशावर मी बारावीनंतर वाशीमहून पुण्याची गाडी पकडली.

पुण्याच्या कॉलेजात पहिली दोन वर्षं जॅझ. तबल्याचा हात म्हणून मला ड्रमसेटवर बसवलं. दोन हात, दोन पाय आणि चौघांची चार कामं. सुरुवातीला मला ते वाद्य न वाटता मळणी यंत्र वाटायचं. वर्गातली बाकीची मुलं घरी पियानो असलेली. माझ्या तोंडून चुकून 'मले' निघालं की हसायची. वाईट मनानं नाही, पण हसायची. मग मी बोलणंच कमी केलं. सर म्हणायचे, "तुझं सगळं बरोबर येतं रे, पण तू परवानगी मागून वाजवतोस."

लेखी पेपरात मात्र मी सगळ्यांच्या पुढे होतो. जॅझ कुठून आला, यावर मी लांबलचक उत्तर लिहिलं होतं. शेतात राबणारे गुलाम, अंत्ययात्रेपुढे वाजवत जाणारे बँडवाले, वाजवून झाल्यावर टाळ्या मिळायच्या पण आत-बाहेर करायला मागचं दार. ज्यानं राबवलं त्याच्याच पुढे नाचत वाजवायचं म्हणजे काय, असा एक सणसणीत प्रश्नही मी शेवटी टाकला होता. सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. ते पान आठवलं की आता मला तोंड लपवावंसं वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी जगभरातल्या संगीतपरंपरांचा पेपर आला. एके दिवशी सरांनी एकाच घराण्यातली वाटावीत अशी वाद्यं टेबलावर मांडली. इराणचं, आयर्लंडचं, ब्राझीलचं. एक गोल कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. मी न राहवून म्हणालो, "सर, हे तर डफडं आहे. आमच्या गावाला असतं."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, कसं धरतात, कातडं कशाचं, सूर कसा लावतात? मी सांगितलं: गळ्यात अडकवतात, दोन काड्यांनी वाजवतात, आणि वाजवायच्या आधी विस्तवावर शेकून कातडं ताणून घेतात. सगळं खरं होतं. फक्त एक सांगायचं राहिलं, की मी जन्मात कधी डफड्याला हात लावला नव्हता. आमच्या घरातल्या कुणीच लावला नव्हता. ते वाजवायचं काम गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीचं. लग्नात, पोळ्यात, मयतीत ते पुढे वाजवत चालायचे आणि आम्ही मागून. हे मला वर्गात सांगावंसं वाटलं नाही, असंही नाही. ते सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नाही.

सरांनी सहामाही परीक्षेचं काम तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ही परंपरा गावी जाऊन शिकायची, जिथे ती जिवंत आहे तिथेच वाजवायची आणि त्याचं चित्रीकरण वर्गासमोर मांडायचं. पोळा जवळच आला होता. मी घरी निघालो तो हवेतच.

आमच्या गावाजवळ केनवडच्या फाट्यावर पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं एक दुकान आहे. ते माझ्या शाळेतल्या मित्राचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता आमच्या शिवारातली झाडून सगळे मोटारपंप त्याच्याकडे येतात, आणि पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत मोठमोठे शेतकरी त्याच्या दारात उभे राहून त्याला 'भाऊ' म्हणतात. त्याचे वडील गावातले शेवटचे डफडं वाजवणारे. गाडीतून उतरून मी घरी न जाता आधी त्याच्याकडेच गेलो.

"तुह्या बापाकडून डफडं शिकाचं हाय मले."

तो तांब्याची तार गुंडाळत होता. तार सुटू न देता हसला. "कायले?"

"कॉलेजात पेपर हाय त्याचा."

"डफड्याचा पेपर!" त्याला खरंच मजा वाटली. "आन आमी इकडे सोडून राह्यलो."

मग त्यानं सांगितलं. बापानं डफडं सोडून दोन वर्षं झाली होती. मुलगा कमावता झाला, आता कशाला कुणाच्या पुढे चालायचं? पण गावानं ते मनावर घेतलं नव्हतं. लग्न निघालं की निरोप, पोळा आला की निरोप. दारात माणूस येऊन उभा राहायचा, आणि आयुष्यभर 'हो' म्हणायची सवय पडलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. म्हणून पोळ्याच्या दिवशी त्याचे वडील पहाटेच वाशीमला निघून जायचे आणि दिवसभर तिथल्या बाजार समितीच्या ओट्यावर बसून राहायचे.

"सनाच्या दिवशी, समजलं का? घरी पुरन शिजते आन बाप बाजारात बसून चिवडा खाते," तो म्हणाला. "माह्यं काही मोठं म्हननं नाही. बापाले सन घरी बसून खाता आला पाह्यजे. बस."

मी मान हलवली. अशा वेळी हलवतात तशी.

"डफडं पाह्यजे तं घेऊन जाय," तो पुढे म्हणाला. "घरात नसलेलंच बरं. पन पुण्यात वाजव. गावात वाजवू नको."

"काहून?"

तेवढ्यात कुणीतरी बैलगाडीवर मोटार घालून आलं आणि तो उठला. जाता जाता एवढंच म्हणाला, "आयक माह्यं."

मला वाटलं, त्याला माझी काळजी आहे. पाटलाच्या घरचं पोरगं डफडं गळ्यात घालून उभं राहिलं तर घरचे फाडून खातील, या भीतीनं तो सांगतोय. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि स्वतःचं तर त्याहून जास्त. जातीपातीच्या तोंडावर मारायला निघालेला मी! एका बाकावरच्या मित्रानं स्पष्ट शब्दांत सांगितलेलं वाक्य मी माझ्यावरच ओढून घेतलं. सगळं आपल्याचभोवती फिरतं असं वाटायची ही खोड घरातूनच आली असावी.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्याचे वडील अंगणात बाजेची दोरी आवळत होते. मी म्हटलं, "राम राम काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं, कोण काका आले म्हणून. आमच्या घरातली चिल्लीपिल्लीसुद्धा त्यांना नावानं हाक मारायची, वर 'ए' लावून. मीही मारायचो. शहरात जाऊन शिकलेला शब्द मी त्यांच्या अंगणात आणून ठेवला आणि त्यांना तो कुणाचा आहे तेच कळेना.

डफडं त्यांनी लगेच काढून दिलं. ते घरातून जातंय याचा त्यांना आनंदच झालेला दिसत होता. दोन ठेके दाखवले, एक लग्नाचा, एक पोळ्याचा. मी मोबाइल पुढे धरून विचारलं, हे वाजवताना तुम्हाला काय वाटायचं? सरांनी असं विचारायला सांगितलं होतं.

"काय वाटन बापा? खांदा दुखे. पाय दुखे."

"पण आवडत असेलच ना?"

"नाही," ते म्हणाले. "मले कधीच नाही आवडलं."

एवढंच. ते उत्तर मला वर्गाच्या उपयोगाचं वाटलं नाही. मी मोबाइल खिशात टाकला.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर मारुतीच्या पारासमोर तोरण बांधलं होतं. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमीच, पण होत्या त्या रंगवलेल्या शिंगांच्या, झुली पांघरलेल्या. पहिल्यांदा उभी राहायचा मान आमच्या जोडीचा. डफड्याशिवाय पोळा कसा सुना सुना वाटतो, हे बुवा मागच्या दोन वर्षांसारखंच सगळ्यांना ऐकवत होते. मी आमच्या वाड्याच्या आडोशाला काडीकचरा पेटवला, डफडं शेकलं, गळ्यात घातलं आणि चुलत भावाच्या हातात मोबाइल देऊन पारासमोर आलो.

पहिल्या ठेक्याला सगळ्या माना वळल्या. वडिलांच्या हातातला कासरा ताठ झालेला मला दिसला. आता ते पुढे येतील आणि सगळ्यांदेखत कानाखाली वाजवतील, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तसं झालं असतं तर मी मोठा ठरलो असतो. पण वडील जागचे हलले नाहीत. मागून कुणीतरी शिट्टी मारली, पोरं नाचायला लागली, बैलांनी कान टवकारले. मी वाजवत राहिलो. परवानगी न मागता. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं.

ठेका थांबला तसे बुवा पुढे आले. माझ्या पाठीवर थाप मारून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहा रे! पाटलाच्या पोरानं गळ्यात घातलं. आता कुठं राह्यली जातपात? मंग त्याले कायची लाज वाटते? बोलवा त्याले. औंदा घरीच हाय तो."

दोघं जण मोटरसायकलवर खाली गेले. मी उभाच होतो. काय होतंय ते मला कळत होतं, पण जरा उशिरा, लांबून ऐकू येणाऱ्या घोषणेसारखं. ते त्यांना घेऊन आले तेव्हा काकांनी सणाचा धुतलेला सदरा घातला होता आणि त्यांचा उजवा हात ओला होता. जेवता जेवता उठवलं होतं.

बुवा मला म्हणाले, "दे बापू त्यायले. तुह्या हातानं दे."

मी गळ्यातून डफडं काढलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. नाही म्हणता आलं असतं. डफडं घेऊन चालू लागता आलं असतं. त्यातलं काहीही न करता मी त्यांच्या मानेवरचा दोर नीट सारखा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. तोरण तुटलं, आमची जोडी निघाली, आणि ते तिच्यापुढे वाजवत घरोघर फिरले. आमच्या दारात आईनं बैलांना ओवाळलं आणि काकांच्या उपरण्यात वरून पुरणपोळ्या सोडल्या. तिचं काही चुकलं असं तिला वाटलं नसणार. तसंच करतात.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गेलो. मित्र मोटार उघडून बसला होता. शिव्या देईल म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यानं मान वर न करता सांगितलं, "औंदा बाप वाशीमले नाही गेला. म्हने, डफडंच घरात नाही, आता कोन बोलावते मले? म्हनून जेवाले थांबला."

मग दारातल्या गिऱ्हाइकाकडे वळून त्यानं त्याला किती वाजता यायचं ते सांगितलं.

पुण्यात वर्गापुढे मी ते चित्रीकरण दाखवलं. दाखवायला नको होतं, पण दुसरं काही तयार नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी हौसही होती. बुवांचं बोलणं चित्रात आलंच नव्हतं. माझ्या वाजवण्यावर सरांनी दोन बरे शब्द काढले. पण काका आले तिथं त्यांनी चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. "बघा," ते म्हणाले, "जाणकार आल्याबरोबर शिष्य वाद्य त्याच्या गळ्यात घालतो. काय नम्रता आहे!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मी काकांच्या मानेवरचा दोर सारखा करत होतो. सरांना खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "थँक यू सर." त्या पेपरात मी वर्गात पहिला आलो.

घरून फोन यायचे. वडील पहिल्यांदाच माझ्या शिक्षणावर खूश होते. गावात वाजंत्री परत आलं, तुझ्यामुळे आलं, असं पाहुण्यारावळ्यांत सांगत होते. आता काका टाळायला लागले की लोक माझं नाव पुढे करायचे. पाटलाचं शिकलेलं पोरगं वाजवते, तुले काय झालं?

दिवाळीत गेलो तेव्हा खालच्या वस्तीत जायला मला दोन दिवस धीर झाला नाही. गेलो तर काकांनी मला बाजेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. मी खाली बसायला लागलो तर त्यांनी हात धरून पुन्हा वर बसवलं.

"चुकलं माझं काका," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? तुमी तं घडीभर हौस केली." त्यांनाच माझी दया आल्यासारखं झालं होतं. मग घराच्या दाराकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "एक करा. तुमच्या बाबाले सांगा, आता मले बोलावू नका म्हना. पोराले राग येते. त्याच्यानं जेवन नाही जात त्या दिवशी. तुमचं आयकतीन ते."

"उद्या येऊन सांगतो तुम्हाला," मी म्हणालो. छाती हलकी झाली. करण्यासारखं काहीतरी होतं आणि ते माझ्या हातात होतं.

वडील गोठ्यासमोर कडबा तोडत होते. मी सगळं सांगितलं. पोळ्याला काका घरी का थांबले होते तेसुद्धा. वडिलांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. ते भडकले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो मी गावाले. माह्यं आयकते गाव. मंग तू वाजोशीन?"

"कवा?"

"कवा म्हंजे? पोळ्याले. लग्नाले. मार्गशीर्षात बुवाच्या नातीचं लगन हाय, वरातीपुढं चाला लागन. मयत झाली का मयतीले. जेवाले सगळ्यायच्या मागून बसाचं. दरसाल, हरेक टायमाले. तूच तं दाखोलं ना गावाले, का त्यात काही लाज नाही म्हनून."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा मला ओळखू येतो. ते खरंच विचारत होते, आणि मी हो म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी सांगितलंही असतं गावाला.

मी खाली सांडलेला कडबा गोळा करायला लागलो.

"नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"काहून?"

मला उत्तर येत होतं. त्यांनाही येत होतं. आम्ही दोघंही ते बोललो नाही.

"मंग मी गावाले काय सांगू?" ते म्हणाले आणि पुन्हा कडबा तोडायला लागले.

सकाळच्या गाडीनं मी निघालो. खालच्या वस्तीवरून गेलं की फाटा जवळ पडतो. मी वरच्या रस्त्यानं लांबून गेलो. मार्गशीर्षात बुवांच्या नातीचं लग्न झालं. वडिलांनी फोन करून सांगितलं, थाटात झालं, पाहुणे वाजंत्रीवर फार खूश होते. कोण वाजवत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.